एका ‘हौ’पायी अडलेले लायसन्स

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९४६. गोवर्धनभाऊजी सकाळी दिल्लीहून परत आले. बडनेऱ्याहून टांगा केला. परीक्षा पाच, पास चार. जेवले नाहीत. वांग्याच्या सहा टोपल्या मंडईत गेल्या. दुपारी आत्याबाईंनी विहिरीची दोरी बदलून घेतली. थंडी पडू लागली आहे.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि आमचा मळा अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे, जिथे घरे संपून वाफे सुरू होत तिथे होता. मामंजी जानराव आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पार्बताबाई, भाजी आणि फुले काढत. आमचे हे, केशवराव, मंडईतला गाळा पाहत. गोवर्धनभाऊजी माझे धाकटे दीर. मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले, तिथून बेचाळीस साली हवाई दलात. मामंजींनी लोकांना बरेच दिवस सांगितले, की पोरगा रेल्वेत आहे. विमानात आहे म्हटले, तर लोक पुढचे शंभर प्रश्न विचारत.

भाऊजी ब्रह्मदेशाच्या लढाईत विमान चालवून सुखरूप परत आले. येताना एक ट्रंक, एक जर्सी आणि निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. त्या वहीत त्यांनी आकाशात घालवलेला एकूण एक तास लिहिलेला होता आणि खाली अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. सातशे बारा तास. मी ती बेरीज दोनदा तपासली आहे.

गोष्टी सांगायला बसले, की आत्याबाई हातातली मेथी निवडायची थांबवत. एकदा ते अमेरिकन लोकांच्या एका यंत्राविषयी सांगत होते. त्याला पंख नाहीत, डोक्यावर मोठा पंखा आहे, आणि ते धानाच्या बांधीतून जागच्या जागी सरळ वर उठते. जखमी माणसांना त्यातून नेत.

“मंग ते आपल्या मळ्यात बी उतरन,” मामंजी म्हणाले.

“उतरन ना बाबा.”

“उतरू देजो. पन सांभाराच्या वाफ्यात नाई.” सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

लढाई संपली आणि भाऊजींना घरी पाठवले. नागपूरच्या एका विमान कंपनीला वैमानिक हवे होते. मुलाखत छान झाली. पण लष्करात विमान चालवले म्हणून उतारू बसवता येत नाहीत. त्यासाठी मुलकी लायसन्स लागे. वहीतले तास धरले जात, तरी पाच परीक्षा द्याव्या लागत: तब्येत, हवाई नियम, नकाशावरून वाट काढणे, प्रत्यक्ष उड्डाण आणि रेडिओवरचे बोलणे. कंपनीने लिहिले होते, की एकतीस डिसेंबरपर्यंत जागा राखून ठेवू, नंतर दुसऱ्याला देऊ. भाऊजी चार परीक्षा पास झाले आणि रेडिओवरच्या बोलण्यात नापास.

“साहेब कावला माह्यावर,” ते म्हणाले. “तो एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, कानाले यंत्र. तो जे म्हने त्याले मी बराबर जवाब देल्ला. तरी कावला.”

“तू काई उलटं बोलला असशीन,” आत्याबाई म्हणाल्या.

“मी काहून बोलू उलटं?”

ते खरेच होते. भाऊजी बैलालासुद्धा कधी उलटे बोलले नाहीत.

आठ दिवसांनी दिल्लीचे पत्र आले. इंग्रजी घरात मलाच नीट येई. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे माझे शिक्षण कॉन्व्हेंटात झाले होते. सगळे ओसरीवर बसले आणि मी वाचून दाखवले: उमेदवाराचे ज्ञान चांगले आहे, परंतु तो प्रत्येक सूचनेवर उलट प्रश्न विचारतो. महिन्याभरात एकदा पुन्हा परीक्षा देता येईल.

“मी एकबी प्रश्न नाई इचारला,” भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. ब्रह्मदेशात त्यांच्या तुकडीच्या वायरलेसवर अकोल्याचा ओमप्रकाश होता. तीन वर्षे भाऊजींचे आकाशातले बोलणे त्यानेच खाली ऐकले होते. दोघांनी त्याच्या दुकानाच्या मागे बसून सगळी परीक्षा पुन्हा घेतली. संध्याकाळच्या गाडीने भाऊजी परत आले.

“काय म्हने ओमप्रकाश?” यांनी विचारले.

“म्हने, यार तू तर बराबर बोलून राहिला. त्याले बी काई चूक दिसली नाई.”

रविवारी मी म्हटले, “भाऊजी, मी साहेब होते. तुम्ही भिंतीपलीकडे उभे राहा.” ते बाहेर विहिरीकडे गेले. मी खिडकीशी त्यांचे इंग्रजी पुस्तक घेऊन बसले आणि कॉन्व्हेंटातल्या इंग्रजीत विचारले, “माझा आवाज येतो का?”

बाहेरून उत्तर आले, “हौ.”

“वारा पश्चिमेकडून आहे. कळले?”

“हौ.”

“उतरायला परवानगी आहे.”

“हौ.”

मी पुस्तक मिटले. इंग्रजीत ‘हाऊ’ म्हणजे ‘कसे’. आमचा वऱ्हाडी होकार कानाला अगदी तसाच लागतो. समोर माणूस असला तर मान हलताना दिसते. भिंतीपलीकडून फक्त आवाज येतो. शाळेत पहिले सहा महिने मी “हौ सिस्टर” म्हणत असे, आणि आयरिश सिस्टर दर वेळी तीच गोष्ट पुन्हा समजावून सांगत. मला वाटे, फार मायाळू बाई आहेत.

मी बाहेर जाऊन भाऊजींना सांगितले. “साहेब म्हणाले उतरा, आणि तुम्ही विचारले, कसे?”

भाऊजी विहिरीच्या काठावर बसले. “आन ओमप्रकाशले काहून नाई समजलं?”

“तो कशाने होकार देतो?”

ते एवढे हसले, की मामंजी कुदळ घेऊन पाहायला आले.

चूक सापडली, पण सुटेना. सूचना समजली, की ‘रॉजर’ म्हणायचे, हे भाऊजींना पाठ होते. ते रॉजरही म्हणत, पण आधी हौ निसटे. हौ, रॉजर. परीक्षेला पंचवीस दिवस राहिले होते. हे काम आत्याबाईंनी आपल्याकडे घेतले. नियम त्यांचाच: एका हौला शेवंतीला एक घागर पाणी.

“गोर्धन, भाकर वाढू का?”

“हौ.”

“जाय, घागर आन.”

त्यांचे प्रश्न फसवे असत. शेजारच्या दुर्गाबाईंच्या भाचीचा विषय काढून मधेच विचारत, “पोरगी गोरी हाय, नाई?” आणि घागर भरायला लावत. पहिल्या आठवड्यात शेवंतीच्या सऱ्या तुडुंब भरल्या. मामंजींनी तक्रार केली, की झाडे कुजतील.

“मंग मिरचीले घाला म्हना,” आत्याबाई म्हणाल्या. “आन सूनबाई, हा राजर कोन व? दिवसभर याच्या तोंडी त्याचंच नाव.”

“विमानातला हौ आहे, आत्याबाई.”

“मंग सरळ हौ म्हनाव ना.”

दुसऱ्या आठवड्यात भाऊजींना एक सवय लागली. कोणी काही विचारले, की ओठ मिटायचे, क्षणभर थांबायचे, प्रश्न काय आहे ते पाहायचे आणि मग बोलायचे. दुर्गाबाई म्हणाल्या, पोरगा लढाईवरून आल्यापासून कमी ऐकतो. तिसऱ्या आठवड्यात घागर एकदाही निघाली नाही. आत्याबाईंनी आंब्याच्या लोणच्याचे विचारले, तेव्हासुद्धा नाही.

सोमवारी ते दिल्लीला निघाले. “पास होशीन ना?” आमचे हे स्टेशनवर म्हणाले. भाऊजींनी ओठ मिटले, थांबले आणि म्हणाले, “पाहू.”

पुढचे पाच दिवस घरात सगळे चुकत होते. यांनी गाळ्यावर एका गिऱ्हाइकाला कोथिंबिरीऐवजी पालक दिला. मी वरणात दोनदा मीठ घातले. जागा गेली, तर भाऊजी गाळ्यावर बसणार होते. ते कुरकुर न करता बसलेही असते, आणि मला तेच बघवले नसते.

शनिवारी, एकवीस डिसेंबरला, दुपारी टांगा थांबला. भाऊजी ट्रंक न उतरवताच आत आले. आत्याबाई फुलांच्या वेण्या करत होत्या.

“काय झालं?”

“सांगतो. साहेब तोच. त्याने आवाज इचारला, मी जवाब देल्ला. वारा सांगितला, पश्चिमेचा. मी म्हटलं, रॉजर. धा-बारा सूचना अशाच गेल्या. मंग म्हने, पूर्वेकडे तोंड करून उतरा.”

“मंग?” मामंजी म्हणाले.

“बाबा, वारा पश्चिमेचा. पूर्वेकडे तोंड केलं, तर वारा पाठीत बसते, इमान थांबत नाई. जिभेवर रॉजर आलता. पन सवय लागली ना थांबाची. थांबलो. मंग म्हटलं, वाऱ्याची दिशा पुन्हा सांगा.”

“आन तो कावला,” आत्याबाई म्हणाल्या.

“तो खोलीतून बाहेर आला. म्हने, ती सूचना मी मुद्दाम चुकीची देतो. दहांतले सात जन रॉजर म्हनतात आन जमिनीत घुसतात. मागच्या खेपेस तुम्ही प्रत्येक सूचनेवर प्रश्न इचारला. आज फक्त एक इचारला, आन तोच इचाराचा होता.” भाऊजींनी कोटाच्या खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. “वाचा वहिनी. मले भरवसा नाई राहिला.”

मी वाचले. पाच परीक्षा, पास पाच. लायसन्स आठ दिवसांत टपालाने.

आत्याबाईंनी वेणी बाजूला ठेवली. “म्हंजे तू नागपूरले जाशीन?”

“हौ,” भाऊजी म्हणाले.

कोणी घागर मागितली नाही.

पुढे भाऊजींनी बावीस वर्षे विमाने चालवली. सुट्टीवर आले, की सकाळी मामंजींबरोबर मंडईत जात आणि गिऱ्हाइकाशी बोलताना क्षणभर थांबत. लोक त्याला साहेबी समजत.

त्या संध्याकाळची माझी नोंद: भाऊजी पास. पायलीभर ज्वारी दळली. जात्याचा खुंटा सैल झाला आहे, पाचर मारून घ्यावी.