माशीखाऊ झाडाचं ऊन

आमच्या इमारतीच्या तळघरात अंगद सरांचा जीवशास्त्राचा क्लास आहे. बीडमध्ये क्लासेसना तोटा नाही, पण जिथं गवताची काडी जगणार नाही अशी जागा जीवशास्त्र शिकवायला निवडावी, हे फक्त सरांनाच सुचलं. तळघराला एकही खिडकी नाही. माझे यजमान होते तेव्हा त्यांनीच ते भाड्याने दिलं, म्हणून मी बोलत नाही. मी वरच्या मजल्यावर राहते आणि गच्ची माझ्याकडे आहे.

सांगायचं आहे ते रुक्मिणीबाईंचं. त्या क्लास झाडतात, पुसतात आणि जिन्याखालच्या खोलीत नातीला घेऊन राहतात. वडवणीकडच्या. लग्न झाल्यापासून ऊसतोडीला गेल्या, पाठ कामातून गेली तेव्हा थांबल्या. मुलगा-सून अजून जातात. नात ऋतुजा अकरावीला आहे. आजीपाशी राहते म्हणून तिचं शिक्षण चालू आहे. ही खोली गेली की दसऱ्यानंतर पोर आईबापाबरोबर उसाच्या फडात. रुक्मिणीबाई सरांचं सगळं ऐकून घेतात ते एवढ्यासाठी.

गेल्या फेब्रुवारीत सरांनी ते झाड आणलं. ओंजळीत मावेल एवढी कुंडी, तिच्यात सात-आठ पानं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दात असलेला जबडा. माशी बसली की मिटतो. सरांनी ते दाराशी, प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं आणि त्याच्याभोवती निळ्या-लाल दिव्यांची माळ गुंडाळली. "काकू, वनस्पतीला निळा आणि लाल प्रकाश लागतो. पुस्तकात आहे," मला म्हणाले. असेल पुस्तकात. गणपतीच्या आराशीची माळ लावा, असं मात्र नसावं.

प्रवेशाला आलेला प्रत्येक बाप जबड्यात पेन घालून बघायचा. जबडा मिटला की बाप खूश, सर खूश. कुंडीबरोबर आलेला कागद सरांच्या कचऱ्यात गेला होता. तो ऋतुजाने आजीला वाचून दाखवला. रोज चांगलं ऊन पाहिजे, आणि उगाच चार-पाच वेळा मिटवला तर जबडा काळा पडून मरतो. दोनशे मुलांना पेशी शिकवणाऱ्या माणसाने हा कागद वाचला नव्हता. फरशी पुसणारीने वाचून घेतला.

पंधरा दिवसांत पानं लांबुळकी, फिकट झाली आणि कुंडीच्या कडेवर मान टाकून पडली. सरांनी रुक्मिणीबाईंना बोलावलं.

"मावशी, हे आता तुमच्या ताब्यात. जूनमध्ये निकालाचा कार्यक्रम आहे, गेवराईहून प्रमुख पाहुणे म्हणून विजयसिंह दादा येणार आहेत, त्यांना दाखवायचंय. मेलं तर खोली रिकामी करायची."

"खातंय काय हे?"

"माशा."

"आन् माझ्याकडं कावून दिलं?"

"माशा मारायचं काम तुमच्याकडेच आहे ना," सर म्हणाले, आणि बाकावरची पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालत होते, तर बाई कुंडी घेऊन गच्चीवर आल्या.

"काकू, तुमच्या तुळशीपाशी दिवसभर ऊन हाय. तिथं ठिवू का?"

माझ्या गळ्यात माळ आहे. मी म्हटलं, "बाई, ते मांस खातं."

"माझी पोरं बी मटन खात्यात. त्येंला उन्हातनं उठीवता का तुमी?"

मी तुळशीपासून तीन हात लांब ठेवायला सांगितलं. वर हाताने मोजूनही दाखवलं. सूर्यनारायणाचं ऊन मी असं मोजून दिलं, आणि संध्याकाळी दिवा लावताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांना हसताना हे मी विसरत नाही.

मला वाटलं, आता ठेवतील उन्हात आणि जातील. तसं नाही. पहिल्या दिवशी फक्त सकाळचं कोवळं ऊन दाखवलं आणि सावलीत नेलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. "तळघरातलं लेकरू हाय, एकदम घातलं तर भाजंल," म्हणाल्या. असे दहा-बारा दिवस गेले. एप्रिल लागला, दुपारी गच्चीवर चप्पल चिकटायला लागली, तेव्हा त्यांनी दोन काठ्या उभ्या केल्या आणि जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा वर बांधला. सकाळी उघडं ऊन, दुपारी फडक्यातून गाळून.

"हे कुठं शिकलात?"

"फडात. लेकराला असंच निजवायचं. दोन ऊस रवायचे, वर लुगडं. पर ऊन काय एका जागी ऱ्हातंय? ऊस तोडायचा आन् मागं बघायचं. उन्हाची कड लेकराच्या पायाला टेकली की कोयता टाकून उठायचं. आदी उठलं तर मुकादम वरडतो, मागनं उठलं तर लेकरू."

चार पोरं त्यांनी अशी वाढवली. आता खाली फरशी पुसता पुसता त्या अंदाजाने उठायच्या आणि कमरेवर हात ठेवून दोन जिने चढून यायच्या. फडकं वीतभर सरकवायचं, पुन्हा खाली. घड्याळ न बघता. मी एकदा म्हटलं, मीच सरकवते. "तुमाला न्हाई कळायचं," म्हणाल्या. खरंच कळलं नसतं.

मेअखेर झाड ओळखू येईना. पानं आखूड, ताठ. जबड्यांची आतली बाजू लालबुंद, जांभळं खाल्लेल्या पोराच्या जिभेसारखी. सर एकदा मोबाईलला रेंज मिळावी म्हणून वर आले, झाडाचा फोटो काढला आणि 'आमच्या क्लासमधील निगा' असं लिहून सगळ्यांना पाठवला. निगा राखणारी त्याच वेळी त्यांचा जिना झाडत होती.

कार्यक्रम झाला. मंचावर झाड, झाडापासून हातभर अंतरावर हॅलोजन, आणि सरांचं प्रकाशसंश्लेषणावर भाषण. विजयसिंह दादांनी जबड्यात बोट घातलं. मिटला. टाळ्या. फोटोवाला म्हणाला, दादा, परत एकदा. मग त्यांच्या माणसांनी बोटं घातली. एकाने पेढ्याचा तुकडा कोंबला. "खातंय बे," दुसरा म्हणाला. एकही जबडा सुटला नाही. हे सगळं तीन तास.

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. सरांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "सायेब, दमलं ते. न्यू का वर?" सरांनी हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.

चौथ्या दिवशी सगळे जबडे काळे पडले. पेढ्याला बुरशी आली होती. सरांनी कुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जिन्यातच बाईंना गाठलं. "ठरलं होतं ना, मावशी? आठ दिवसांत खोली." बाईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत ऋतुजा मोठ्याने काहीतरी पाठ करत होती, ते थांबलं.

मी वरच्या पायरीवर होते. म्हटलं, "अंगद सर, करारात तुमच्याकडे फक्त तळघर आहे. जिन्याखालची खोली माझी. तिथं कोण राहील ते मी बघते."

"काकू, तुम्हाला यातला विषय माहीत नाही."

"नाही माहीत. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. पण तुम्हाला तीन तास हॅलोजनखाली बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तोंडात बोट घातलं, तर तुम्ही किती दिवस टिकाल ते सांगू शकते."

सर हसले. मग त्यांना भाडेकरार दिवाळीत संपतो हे आठवलं असावं. हसणं थांबलं आणि खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आठवड्याने दाराशी नवं झाड आलं. प्लास्टिकचं. भोवती तीच माळ. बाप मंडळी पेन घालतात, जबडा मिटत नाही. "सध्या सुप्तावस्थेत आहे," सर सांगतात आणि अर्ज पुढे करतात. जीवशास्त्राच्या दोनशे मुलांपैकी एकानेही अजून काही विचारलेलं नाही. रुक्मिणीबाई त्याच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसतात. "हे सरांच्या जोगं हाय," म्हणतात.

खरं झाड सरांनी टाकलं त्याच दिवशी बाईंनी कचऱ्यातून उचललं होतं. काळी पानं कात्रीने कापली, तर मातीत पांढरं बूड शाबूत होतं, कांद्याच्या पातीचं असतं तसं. मी त्यांना कुंडी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तीन हात हवेत मोजून दाखवले आणि ठेवली. वर पुन्हा लुगड्याचं तेच फडकं बांधलं.

श्रावणातल्या एकादशीला पहिल्या नव्या जबड्याने माशी धरली. उपवास मला होता, झाडाला नव्हता. मी पोथी घेऊन शेजारीच बसले होते. पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन सरकत सरकत कोवळ्या पानापर्यंत आलं होतं. रुक्मिणीबाई खाली फरशी पुसत होत्या. मी पोथीत खुणेला काडी घातली, उठले आणि फडकं वीतभर सरकवलं.