पुढची जागा

त्या वर्षांत आमच्या शहरात माणसं भेटली की दोनच गोष्टी विचारायची. पाणी आलं का, आणि जागा घेतली का. पाऊस हुलकावणी देत होता, नळाला आठवड्यातून एखादे वेळी पाणी यायचं, आणि तरीही शहर चहूबाजूंनी पसरतच होतं. माझा जागेचा प्रश्न मात्र निराळा होता. मला फुटबॉलच्या संघात स्वतःची जागा हवी होती, आणि तीही पुढची, गोल मारणाऱ्याची.

आमचा कप्तान छावणीच्या बाजारात रिक्षाच्या सीटा शिवायचा. दुकानात त्याचा टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी त्यावर इंग्लंडमधले सामने लागायचे आणि आम्ही फोमच्या ढिगावर बसून बघायचो. तिथेच मला तो दिसला. लांब मानेचा, जरा वाकून पळणारा इंग्रज. कॉमेंट्रीवाला त्याचं नाव असं गिळायचा की आम्हाला ते कधी नीट कळलंच नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो पुढे खेळत होता. मग एका शनिवारी बचावातला कुणी जायबंदी झाला आणि याला मागे नेलं. नंतर तो मधे दिसला, डावीकडे दिसला, आणि एकदा गोलकीपरला लाल कार्ड मिळालं तर हातमोजे घालून चक्क गोलात. कुठेही उभा करा, काम चोख. क्लब बदलले, पण पुढच्या जागेवर काही तो परत गेला नाही.

"तेरा विलायती भाई," कप्तान मला म्हणायचा. कारण माझीही तीच गत होती.

आम्ही मूळचे सोयगावकडचे, मेंढरंवाले. चारापाणी संपलं तेव्हा वडिलांनी कळप विकला, आम्ही पडेगावला येऊन राहिलो आणि मी वाळूजला एका कंपनीत लागलो. हा कुठे खेळतो, असं संघात कुणी विचारलं की माझ्याऐवजी कप्तानच उत्तर द्यायचा, "कुठंबी." वडिलांकडे गाऱ्हाणं केलं तर ते म्हणाले, "कळप हाकताना एक गडी मोकळा ठिवावाच लागतो. जिकडं मेंढरं फुटली तिकडं पळाया. त्यो लई चांगला असावा लागतो." मला यात कौतुक काही दिसलं नाही. कळप सांभाळणाऱ्याची सोय होते, हे खरं. मोकळ्या गड्याला काय वाटतं, हे कोण विचारतो?

एकदा खुलताबादच्या संघाशी सामना ठरला. कप्तानाने आधीच शब्द दिला, "इस बार तू पुढं." मी कंपनीतून सुटी काढली, बूट तीनतीनदा पुसले. सामन्याच्या सकाळी आमच्या गोलकीपरचा निरोप आला, गल्लीत टँकर आलाय, ड्रम भरल्याशिवाय निघत नाही. रागवायचं तरी कुणावर? टँकर सोडून ये, असं त्या दिवसांत कुणी सख्ख्या भावालाही म्हटलं नसतं. कप्तान माझ्याकडे बघत राहिला. मी हातमोजे उचलले. आम्ही जिंकलो. माझ्या जागी खेळलेल्याने गोल मारला, सगळे त्याच्या अंगावर पडले, आणि मी पार दुसऱ्या टोकाला एकटा उभा होतो. फार वाईट वाटलं.

"अगली बार पक्का," कप्तान म्हणाला.

आमचं मैदान म्हणजे पडेगावच्या अंगाला पडून असलेला माळ. मालक कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. एका रविवारी सकाळी गेलो तर सगळ्या माळावर फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेघा. आजवर आम्ही चपला मांडून हद्द ठरवायचो. कप्तानाने आखणी केली असणार, म्हणून आम्ही हरखून गेलो. मी तर धावत जाऊन पुढच्या जागेवर उभाही राहिलो. मागून कप्तान सायकलवरून आला, रेघा बघून थबकला आणि म्हणाला, "मैंने नाय मारली." तेव्हा कुठे आम्हाला ते चौकोन नीट दिसले. प्लॉट पाडले होते.

संघ तिथेच मोडला. तो इंग्रजही त्याच सुमारास टीव्हीवरून गेला. खालच्या कुठल्याशा विभागात खेळतोय, असं कानावर आलं. अलीकडे मुलीने क्लबांवरून माग काढत मोबाइलवर त्याला शोधून दिला. कुठे खेळायचा, त्यापुढे चार-पाच जागा लिहिल्या होत्या. पुढची सगळ्यात शेवटी होती.

मी घर बांधलं ते त्याच माळावर. दुसरीकडे मोठी जागा मिळत होती, बायको कुरकुरलीही. मला ते मैदान हवं होतं, अजूनही हवं आहे, आणि त्यातला एक प्लॉटच काय तो मिळण्यासारखा होता. वास्तुशांतीला कप्तान आला, गुडघ्यावर हात ठेवत. चपला काढून हॉलमध्ये शिरला, खिडकीतून बाहेरचा जुना कडुलिंब बघितला, अंदाज घेत भिंतीच्या कडेने चालला आणि सोफ्यापाशी थांबला.

"गोल उधर, त्या झाडाच्या अंगाला," तो म्हणाला. "आन् ये देख, तू हितं. पुढं. मिळाली ना जागा?"

"मिळाली," मी म्हणालो.

बायको आतून जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघे गोलाकडे तोंड करून तिथेच उभे राहिलो. समोर भिंत होती, आणि पास द्यायला कुणी नव्हतं.