जित्त्या माणसाचं ‘पारंपरिक’ गाणं

आमच्या गायन पार्टीत गाणी कमी आणि किस्सेच जास्त बसवले जातात! दर रविवारी सिंदी मेघेच्या समाजभवनात तालीम असते. मी ढोलकी कसेपर्यंत एक किस्सा होतो, मायाताईचा गळा मोकळा होईपर्यंत दुसरा, आणि चहा आला की मग विचारूच नका. अलीकडे मात्र सगळे किस्से एकाच माणसाभोवती फिरतात. ते म्हणजे आमचे कवी, आंजीचे सुखदेवदादा. शेती करतात आणि जयंतीची गाणी लिहितात. त्यांचं ‘पहाट आली बाई, पाटी घेऊन’ आपल्या जिल्ह्यात जिथे जयंती असेल तिथे वाजतं. हा माणूस आमच्या पार्टीचा आहे, हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

*

सुरुवात झाली मायाताईच्या मोबाईलपासून. कुठल्याशा कंपनीने दादांचं हेच गाणं डीजेच्या ठेक्यावर टाकलं होतं. खाली गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, मिक्सिंगवाल्याचंसुद्धा नाव! आणि गीतकाराच्या जागी एकच शब्द: पारंपरिक.

दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “पारंपरिक म्हंजे?”

“म्हंजे जुनं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं,” मायाताई चाचरत म्हणाली. “कोनं लिवलं ते कोनाले मालूम नाई असं.”

“अवो बाई, मी जित्ता आहो, अन् मले पारंपरिक करून टाकलं!”

आम्ही हसून हसून लोळलो. दादा हसले नाहीत. “पैसा नाई भेटला तरी चालते,” ते म्हणाले, “पन गान्याखाली माह्यं नाव पाह्यजे.” त्याच दिवशी आम्ही ठरवलं, काही झालं तरी दादांचं नाव लागलंच पाहिजे.

*

आमच्याकडे कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तीच त्याची सही! आता डीजेवाल्यांना गाणं आखूड लागतं, म्हणून पहिली कात्री शेवटच्या कडव्यावर चालते. कवी गेला हवेत.

समुद्रपूरच्या एका कार्यक्रमात एका पार्टीने गाणं पूर्ण म्हणायला घेतलं. दादा खूश होऊन पुढच्या सतरंजीवर सरकले. शेवटचं कडवं आलं, आणि ‘सुखदेव सांगे’च्या जागी ऐकू आलं, ‘नामदेव सांगे’! चाराला चार अक्षरं अगदी चपखल बसलेली. नामदेव त्या पार्टीचा गायक होता, हे सांगायला नकोच.

पुढच्या रविवारी दादा कडवं बदलून आले: ‘आंजीचा सुखदेव सांगे.’

“आता चोराले पयले आंजीत घर बांधा लागन,” ते म्हणाले, “मंग नाव बदला लागन!”

*

मग वर्ध्यात गीतकारांच्या हक्कांवर एक शिबिर झालं. नागपूरचे एक वकील सर आले होते. आम्ही सगळे ढोलकी-पेटीसकट जाऊन बसलो. सरांनी छान समजावलं. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, चाल लावणाऱ्याचा वेगळा, रेकॉर्डिंग करणाऱ्याचा वेगळा. गाणं कुठे वाजलं की कवी आणि संगीतकाराची रॉयल्टी, म्हणजे वापराचा मोबदला, त्यांची सोसायटी गोळा करते, पण त्यासाठी गाणं तिच्याकडे नोंदवलेलं हवं.

दादा उभे राहिले. “म्हंजे सर, वावर माह्यं, नांगरटी दुसऱ्याची, अन् कापूस तिसराच नेऊन राह्यला!”

सर इतके खूश झाले की म्हणाले, हे वाक्य मी आता प्रत्येक भाषणात वापरणार.

मागून मायाताई ओरडली, “वापरा सर, पन खाली दादाचं नाव टाकजा!”

*

आंजीत बातमी पसरली की सुखदेवला रॉयल्टी मिळणार. आता आपल्याकडे रॉयल्टी म्हटलं की लोकांना एकच आठवतं, रेतीच्या ट्रकची सरकारी पावती. पानठेल्यावर लोक दादांना बाजूला घेऊन हळूच विचारायला लागले, “रेतीचा कोनता घाट घेतला?”

दादा ऐटीत सांगायचे, “माह्यावाला घाट वेगळा हाये. कितीई उपसा, रेती सरतच नाई!”

परिणाम एवढाच झाला की घर बांधायला काढलेले दोघेजण दादांकडे ट्रकचा भाव विचारून गेले.

*

शेवटी त्या कंपनीलाही जाग आली. त्यांचा एक माणूस कारने आंजीला आला. कागद पुढे करून म्हणाला, “काका, सही करा. सगळे हक्क कायमचे आमचे, रॉयल्टीसकट. नाव मग बघू.”

दादांनी शिबिरातलं सगळं पाठ केलं होतं. “कवीच्या रॉयल्टीचा हक्क असा कोनालेई देता येत नाई. सोसायटीले देता येते, नाईतर वारसाले.” मग त्यांनी त्या माणसाला खालून वर नीट न्याहाळलं. “बोल, तुले दत्तक घेऊ का?”

तो चहा न पिताच गेला. मायाताई अजून हळहळते की आपण तिथे नव्हतो.

*

सोसायटीकडची नोंदणी माझ्या घरी झाली. दादा आणि कौसल्यावहिनी एसटीने आले. वहिनींना खरं तर वर्ध्याच्या बाजारात जायचं होतं. मी लॅपटॉप उघडला, गाण्याचं नाव टाईप केलं. पुढे विचारलं होतं: शब्द कोणाचे? एकापेक्षा जास्त जण असतील तर सर्वांची नावं द्या.

“दादा, तुमचंच टाकतो,” मी म्हणालो.

“थांब.” दादांनी वहिनींकडे बोट केलं. “आमची पोरगी पयल्या दिवशी शाळेत निंगाली, तवा दारात उभं राहून हिच्या तोंडून निंगालं, पहाट आली बाई, पाटी घेऊन. मंग मी कडवे लिवले. मुखडा हिचा हाये. अर्धा हक्क हिचा टाक.”

“काऊन?” वहिनी दचकल्याच. “मी का कवी आहो?”

“मुखडा तुहा हाये का नाई?”

“हाये तर!” त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मीच चमकलो.

“वहिनी, गाण्याखाली कोणतं नाव दिसू देऊ?”

त्यांनी पदर सारखा केला. “नुसतं कौसल्या टाक, भाऊ. सगळीकडे याईचं नाव लावून राह्यली. गान्यावर माह्यं एकटीचं राहू दे.”

हिस्सा अर्धा-अर्धा भरला. एकच अडचण उरली, दोन नावांत वर कोणाचं घालायचं? नावासाठी इतका झगडलेला माणूस समोर बसलेला! मी अंग चोरून विचारलं, “दादा, पहिलं नाव कोणाचं?”

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ठेकाच चुकलो होतो.

“एवढ्या वर्सापासून ढोलकी वाजवून राह्यला तू! गान्यात पयले काय येते बे, मुखडा का कडवं?”