पणबाईंची बातमी

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे पणबाई म्हणत. शिपाई चहा ठेवून विचारायचा, "बाई, बरा झालाय का?" बाई म्हणायच्या, "बरा वाटतोय, पण मी एकच घोट घेतलाय." कुणाचं लग्न, कुणाचा निकाल, कुणाच्या परसातला आंबा, कशाबद्दलही त्यांचं मत 'पण'पाशी येऊन थबकायचं. मी त्यांचा विद्यार्थी. उत्तरात 'कदाचित' लिहिलं म्हणून त्यांनी मला एक गुण जास्त दिला होता. विज्ञानात मी मिळवलेला तो शेवटचा गुण. पुढे मी वार्ताहर झालो.

मेढ्याच्या डोंगरात त्या झाडपाला गोळा करत हिंडायच्या. तिथल्या एका मेंढपाळाने एक झुडूप दाखवून सांगितलं, "ह्येचा पाला शेळी तोंडात धरत न्हाई." बाईंनी वहीत ते लिहून घेतलं आणि खाली नोंद केली: 'प्रत्यक्ष दोन शेळ्या पाहिल्या. एकीने खाल्ला.'

त्याच झुडपाचा अर्क त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. मी बातमीसाठी गेलो तेव्हा तासभर बोलल्या. "उंदरांची साखर थोडी उतरली. पण उंदीर मोजकेच होते. पण ती माणसं नव्हेत. आणि यकृतावर काय परिणाम होतो, ते मी अजून पाहिलेलंच नाही."

मी सगळे 'पण' लिहून घेतले. कचेरीत उपसंपादक म्हणाले, "अरे, ही बातमी आहे की कोर्टाची तारीख? एवढे 'पण' घातलेस तर वाचक पान उलटेल." पण माझा हात धरून कुणी काही लिहून घेतलं नव्हतं. सगळे 'पण' मीच काढले आणि मथळाही मीच दिला: 'मधुमेह पळाला! मेढ्याच्या डोंगरात रामबाण पाला'. उंदीर शेवटच्या ओळीत होते. आयत्या वेळी एक जाहिरात आली आणि ती ओळही गेली.

आठवडाभरात बाजारात त्या पाल्याच्या जुड्या दिसू लागल्या. कॉलेजने शाल-श्रीफळ देऊन बाईंचा सत्कार केला. बाई उभ्या राहिल्या आणि आपल्या प्रयोगात काय काय कच्चं आहे, ते एकेक करून सांगू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "एवढा मोठा शोध लावला, पण विनय बघा!" प्राचार्य म्हणाले.

सत्कार आटोपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे मी म्हटलेलं नाही."

"बाई, पण लोकांना आवडलंय."

"तुझा 'पण' चुकीच्या जागी आला," त्या म्हणाल्या.

त्यांनी पाठवलेला खुलासा आम्ही छापला. आतल्या पानावर, निविदांच्या खाली, चार ओळी. बातमीचं कात्रण मोबाइलवरून साताऱ्याहून सांगलीपर्यंत फिरत राहिलं. खुलाशाचा फोटो कुणी काढला नाही.

काही महिन्यांनी कॉलेजात फोन आला. विट्याजवळच्या गावातून एका निवृत्त हवालदारांची बायको बोलत होती. "बाई, त्यो पाला किती दिस प्यायचा असतोय वो? मालकांच्या पायाची जखम भरंना झालीया." हवालदारांनी आमची बातमी वाचून साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या. रानात तुटलेल्या उसाचं बुडखं पायाला लागलं आणि ती जखम चिघळली होती.

"आधी दवाखान्यात न्या, आजच्या आज," बाई फोनवर ओरडल्या. मिरजेच्या दवाखान्यात हवालदारांची दोन बोटं काढावी लागली. बाई तिथे पोहोचल्या तेव्हा बायकोला आनंदच झाला. "आवं, उठा, पेपरातल्या बाई आल्यात!"

हवालदार ओशाळून म्हणाले, "म्याडम, माजंच कायतरी चुकलं आसंल. पाला उकळायला कमी पडला."

"तुमचं काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्या पाल्याने माणूस बरा होतो, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. गोळ्या सुरू करा. एकही चुकवायची नाही."

त्यात एकही 'पण' नव्हता. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून त्या खूप रडल्या, असं हवालदारांच्या बायकोने मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. त्यानंतर दर महिन्याला बाई कराडला एसटी बदलून विट्याला जायच्या, पाय बघायच्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायच्या. त्या झुडपावरचं काम त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. आता त्यावर काहीही सापडलं तरी लोक रामबाणच वाचतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे हैदराबादला निघाल्या. मी स्टँडवर बॅग उचलायला गेलो होतो. गाडी लागल्यावर कसाबसा म्हणालो, "बाई, त्या बातमीबद्दल माफ करा."

"माझी काय माफी मागतोस? विट्याला जाऊन आलास का?"

मी गेलो नव्हतो. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

पुढच्या रविवारी गेलो. हवालदार ओट्यावर बसले होते, एका पायात कापडी बूट. मी म्हणालो, "मी पेपरवाला. ती पाल्याची बातमी मीच लिहिली होती."

त्यांनी ओट्यावर सरकून मला जागा केली. मग आत हाक मारली, "अगं, पावनं आल्यात. च्या टाक." आणि मला म्हणाले, "बसा. लय झ्याक लिवलं हुतं तुमी. वाचलं आन् लगीच पटलं."

माझ्या लिहिण्याला इतकी मनापासून दाद पुन्हा कुणी दिलेली नाही. ती घ्यायला मान वर करणं मला जमलं नाही.