पसरणी घाटातला पाणक्या

पुण्याहून जाऊन पसरणी घाट सायकलने चढायचा असेल तर मे महिना निवडू नका. आम्ही तोच निवडला, कारण इटलीतली तीन आठवड्यांची सायकल शर्यत मे महिन्यात असते आणि आमची डोकी तेव्हाच फिरतात.

आमची म्हणजे खडकी स्टेशनाजवळच्या नानांच्या सायकल दुकानात जमणाऱ्यांची. संध्याकाळी नाना शटर अर्धं खाली ओढतात, पंक्चरच्या टबावर फळी टाकून त्यावर टीव्ही ठेवतात आणि आम्ही सात-आठ जण टायरांच्या ढिगावर बसून डोंगरातली शर्यत बघतो. सपाट रस्त्याचा दिवस असेल तर मी अर्ध्यातून उठून जातो. बीकॉमही मी असंच अर्ध्यातून सोडलं. पण डोंगराच्या दिवशी मला उठवून दाखवा.

त्या शुक्रवारी डोंगरच होता. एक खेळाडू सगळ्यांच्या पुढे एकटा, माथा तीन किलोमीटरवर, जिंकल्यात जमा. तेवढ्यात त्याच्या कानातल्या यंत्रात काहीतरी बोललं गेलं असणार, कारण तो थांबला. चक्क पाय टेकून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागून त्याच्या संघाचा कप्तान धापा टाकत येत होता. त्याला स्वतःची बाटली दिली, त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घेत त्याला वर नेलं, आणि स्वतः कितवा आला कुणास ठाऊक. संघात अशी माणसं असतातच, कप्तानासाठी राबणारी, पाणी पोचवणारी. आमच्या दुकानात त्यांना पाणक्या म्हणतात.

मी ओरडलो, "एवढा वर आला तरी शेवटी पाणक्या तो पाणक्याच."

सगळे हसले. इक्बालचाचा हसले नाहीत. चाचा सहासष्ट वर्षांचे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्यात सगळ्यात जुने सायकलवाले. शांतपणे म्हणाले, "माझे आजोबा छावणीत पखालीनं पाणी भरायचे. त्यांनाही सगळे पाणक्याच म्हणायचे."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. नाना म्हणाले, "चाचा, याला इतिहास नका सांगू. हा भूगोलात पण हरवला होता."

मला काहीतरी बोलून ते पुसायचं होतं. रविवारी चाचा पसरणी चढणार आहेत हे माहीत होतं. मी म्हणालो, "चाचा, रविवारी तुमचा पाणक्या मी."

आता रविवार म्हणजे काय होतं ते सांगतो. चाचांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. आत्ता केलंत तरी चालेल, वर्षभर थांबलात तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलीला, रुखसानाताईला, ते आत्ताच हवं होतं आणि नंतर घरात सायकल नको होती. बाप-लेकीत खूप बोलाचाली होऊन शेवटी करार झाला. चाचांनी पायथ्यापासून पाचगणीपर्यंत कुठेही पाय न टेकता घाट चढून दाखवायचा. चढले तर वर्षभर विषय बंद. पाय टेकला तर ऑपरेशन लगेच आणि सायकल विकायची. ताई सोबत येणार नव्हती. अब्बांच्या शब्दावर तिचा विश्वास होता.

शनिवारी दुपारी नाना, चाचा आणि मी नानांच्या पिकअपमध्ये सायकली टाकून निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी. सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई पंधरा-वीस मिनिटांत. कात्रजच्या अलीकडे अडकला नाहीत तर एकूण अडीच तास. वाईत एसटी स्टँडजवळ लॉज मिळालं, तिघांत मिळून चौदाशे, पंखा चालू, गरम पाणी नाही. मेमध्ये मागायचंही नाही.

संध्याकाळी चालत्या सायकलवर बाटली द्यायचा सराव करायचा ठरला होता. चार वाजता मी म्हटलं, पटकन मेणवली बघून येतो. जवळच आहे, नदीचा घाट आहे, मोठी घंटा आहे. जरूर बघा. मी तिथे पाण्यात पाय सोडून बसलो, एका आजोबांशी गप्पा मारल्या, आणि परत आलो तेव्हा अंधार पडला होता. चाचांनी लॉजच्या मॅनेजरकडूनच सराव करून घेतला होता. नाना म्हणाले, "मॅनेजर छान देतो बाटली. त्यालाच नेऊ या का?"

मी हसलो. तेव्हाच लाजायला हवं होतं.

रविवारी सव्वासहाला पायथ्याशी. नाना पिकअप घेऊन पुढे पाचगणीला गेले. चढ दहा-अकरा किलोमीटरचा आहे, सिंहगडासारखा छाताडावर येणारा नाही, पण संपतही नाही. सावली फक्त सुरुवातीला. प्यायच्या पाण्याचा भरवसा नाही, मधल्या टपऱ्या रविवारी सकाळी उघड्या असतील-नसतील. चाचांनी वजन नको म्हणून सायकलवरचा बाटलीचा स्टँडसुद्धा काढून ठेवला होता. त्यांच्या दोन्ही बाटल्या, लिंबू-मीठ घातलेल्या, माझ्याकडे. एक सायकलला, एक पाठीवरच्या पिशवीत.

"पुढे पळू नकोस, मागे रेंगाळू नकोस," चाचा म्हणाले. "नजरेत राहा, एवढंच."

पहिले तीन किलोमीटर मी नजरेत राहिलो. पहिली बाटली अगदी टीव्हीत देतात तशी दिली, चाचांनी ती अर्धी पिऊन परत दिली. खाली वाई, धोम धरणाचं पाणी, मधे उसाचे हिरवे चौकोन. चाचांचा पाय घड्याळासारखा फिरत होता. खरं सांगू, मला कंटाळा आला होता. त्या वेगात सायकल चालवणं म्हणजे लग्नाच्या वरातीत चालणं.

मागून सहा जण आले, सगळ्यांची एकसारखी निळी जर्सी. हिंजवडीच्या कुठल्यातरी कंपनीतले. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "भाई, चेहरा बोअर दिसतोय. व्हील पकड, माझ्या चाकामागे लाग, चल."

मी मागे वळून चाचांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांना म्हणालो, दोन वळणं जाऊन थांबतो.

दोन वळणांची चार झाली. त्यांच्यातले दोघे गळाले, मी नाही गळालो. शेवटच्या सपाट तुकड्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो आणि कानात कॉमेंट्री ऐकू येत होती, माझ्या नावाची. माथ्याच्या दोनेक किलोमीटर अलीकडे एक मावशी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. वीस रुपये द्रोण. आम्ही सगळे थांबलो. मी त्या पोरांना शुक्रवारची शर्यत सांगायला लागलो. तो कसा थांबला, कसा पाय टेकून उभा राहिला, कप्तानाला पाणी कसं दिलं. झकास सांगत होतो. ती पोरं ऐकत होती.

त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "दादा, पाणी आहे का? करवंदांनी घसा धरला."

मी पिशवीत हात घातला आणि चाचांची बाटली हाताला लागली. भरलेली.

मी उतारावर किती जोरात आलो ते सांगत नाही, तुम्ही तसं करू नका. तीन किलोमीटर खाली, एका वळणावर, एका उघड्या टपरीपाशी चाचा उभे होते. डावा पाय पेडलवर, उजवा पाय डांबरावर. टपरीवाल्या बाई त्यांच्या हातात स्टीलच्या तांब्यातून पाणी ओतत होत्या आणि ते ओंजळीनं पीत होते. ओठ पांढरे पडले होते.

मी बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. तोंड पुसून म्हणाले, "पाय पाण्यासाठी टेकला. गुडघा मस्त आहे."

मग सायकलवर बसले आणि उरलेला सगळा घाट न थांबता चढले. मी मागे होतो, त्यांचा तो उजवा गुडघा बघत. एकदाही अडखळला नाही.

पाचगणीत नाना घड्याळ घेऊन उभे होते. "टेकला?"

"टेकला," चाचा म्हणाले. "गुडघा बोलला."

मला वाटलं आपण ऐकण्यात चूक केली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढी एक संधी होती. मी म्हणालो, "हो ना, बराच दुखत होता त्यांना."

चाचांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. येताना तिघांनी मिसळ खाल्ली, नव्वद रुपये प्लेट, चवीला होती म्हणतात. गाडीत चाचा झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

बुधवारी दुकानात गेलो तर चाचांची सायकल आकड्याला टांगलेली. खाली पुठ्ठा, विकणे आहे. नाना म्हणाले, "गुडघ्यानं दगा दिला म्हणे. तू होतास ना तिथे?"

मी टायरांच्या ढिगावर बसलो नाही. तिथून थेट चाचांच्या घरी गेलो.

दार रुखसानाताईनं उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून सगळं सांगितलं, करवंदांसकट. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे गुडघा दुखलाच नव्हता. मग अब्बा खोटं का बोलले?"

आतून चाचांचा आवाज आला, "हरलेला कप्तान खाली येऊन पाणक्याचं नाव घेत नाही. आणि तुला कुणी बोलावलं होतं रे?"

शेवटचं माझ्यासाठी होतं.

 ताई आत वळून म्हणाली, "पाऊस लागायच्या आत परत जाऊ. करार तोच. पाणी मी देईन, स्कूटरवरून."

"स्कूटरवरून चालतं का?"

"टीव्हीत गाडीतून देतात की. मी पण बघते कधीकधी."

मी येऊ का, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांना दोघांना ते दिसलं असणार. ताईनं चहा विचारला, मी नको म्हणालो, ती बरं म्हणाली.

पुढच्या रविवारी ते गेले. मी पुण्यातच होतो, कुठेच भटकलो नाही, खोलीत बसून फोन बघत राहिलो. मला कुणी काही कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. संध्याकाळी दुकानात, इतरांबरोबरच समजलं. पाय न टेकता, एक तास छत्तीस मिनिटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शटरच्या बाहेर उभा राहून.