आईला बसता येईल अशी गाडी

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे, इकडे हिंदी मुलखात, नेहरू नगरला राहायला आली. घरात वाहन एकच, स्कूटर. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी फिजिओथेरपीला न्यावं लागे आणि दर वेळी ऑटोत चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा मी आणि नवऱ्यानं ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची.

दोन रविवारांत काम होईल असं मला वाटलं होतं. अकरा रविवार गेले.

महाराणा प्रताप नगरच्या बाजूला जुन्या गाड्या विकणारा एक माणूस होता. त्याच्याकडची प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरची. "बस क्लिनिक आना-जाना, मॅडम. चली ही नहीं है." नवऱ्यानं त्यातल्या एकीची पायाखालची चटई उचलली, तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडून आली होती. दुसरीत अत्तराचा इतका वास, की काहीतरी लपवलंय हे आम्हालासुद्धा कळलं. तिसरी खरंच आवडली. उद्या येतो म्हणून निघालो आणि घरी पोचायच्या आत त्याचा फोन आला, गाडी विकली गेली.

आईला प्रत्येक ठिकाणी बरोबर न्यावंच लागायचं. तिला आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे, असं शिकवलं होतं. सीट जरा खाली असली की तिला उठता येत नसे. आम्ही दोघं तिला दोन्ही बाजूंनी ओढत असायचो आणि विकणारा घड्याळ बघत उभा. एक जण म्हणाला, "अम्माजी को पीछे लिटा देना." आई त्याच्यासमोर हसली. परतीच्या ऑटोत मात्र हळूच म्हणाली, "मी जाते बाई नागपूरला. माझ्यापायी तुमचे सगळे रविवार चाललेत."

"आणि तिथे तुझं करणार कोण?" मी फटकन बोलले. थकले होते. ती घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. माझा तो सूर अजून माझ्या कानात आहे.

मग ऑफिसातल्या एकीनं शिवाजी नगरचा पत्ता दिला. सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे एक काका निवृत्त होऊन काकूंसह मुलाकडे चालले होते. मूळचे अमरावतीचे. गाडीवरचं कव्हर त्यांनी पांघरूण काढावं तसं काढलं, घड्या घालून बाजूला ठेवलं. सीट चांगली उंच होती. आई टेकली, पाय आत घेतले, मग कुणाचा हात न धरता बाहेर आली आणि पुन्हा जाऊन बसली. "बसले की मी!" ती म्हणाली. काकूंनी तिला चहा गाडीतच आणून दिला.

आम्ही कोटऱ्याच्या आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला गाडी तपासायला बोलावलं. त्यानं नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढून घेतली, ती दोनदा वाचली आणि नवऱ्याला बाजूला घेतलं. काकांनी सहा वर्षांपूर्वी ही गाडी जुनीच घेतली, तेव्हा मीटरवर अडतीस हजार किलोमीटर होते. त्याच्या वर्षभर आधी, सर्व्हिसला आली तेव्हा, लाखाच्या वर. कुणीतरी मीटर मागे फिरवून ती त्यांच्या गळ्यात मारली होती.

सांगायचं कसं, कळेना. शेवटी नवऱ्यानं कागदच त्यांच्या हातात दिला. ते वाचता वाचता पायरीवर बसले.

"मी ऑडिटमध्ये होतो हो," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासले."

काकूंनी त्यांच्या हातातली कपबशी तेवढी काढून घेतली. मग काका म्हणाले, "आता ही तुम्हाला नाही देणार मी. आई बसणार आहेत तिच्यात."

आम्ही परत आलो. पण आईनं लावून धरलं, "त्या माणसाला फोन कर." मी आधी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मीटर झूठा है दीदी, इंजन झूठा नहीं है." क्लच बदलावा लागेल, बाकी त्यांनी गाडी जपली आहे. इतक्या गाड्या पाहिल्या, पण जिचं सगळं खरं आम्हाला माहीत होतं अशी ही एकच होती. तीन दिवसांनी मी फोन करून हेच सांगितलं, तेव्हा काका राजी झाले. पण त्यांनी किंमत इतकी खाली आणली, की माझा नवरा चक्क वाढवून देऊ म्हणत होता आणि ते ऐकायला तयार नव्हते.

गाडी द्यायच्या दिवशी काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं. काका आमच्याबरोबर नेहरू नगरपर्यंत आले, दुसरा गिअर कसा हलक्या हातानं टाकायचा ते दाखवत. काकू आईशेजारी मागे बसल्या होत्या. घरी पोचल्यावर आम्ही म्हटलं, परत सोडतो. "नको, आता सवय करायला हवी," असं म्हणून दोघं ऑटो बघायला कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

आई फाटकाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. "जेवायला थांबवायला हवं होतं गं."

पुढच्या रविवारी त्यांना बोलावलं. आणायला नवरा गेला, आणि आई हट्टानं पुढच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर गेली.