बंदुकीला बांधलेल्या अक्षता

यूसुफबाबाच्या दिवानियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, पाहुणा आला की आधी खजूर, मग कावा, ती कडू अरबी कॉफी, आणि मग बंदुकांचं कपाट, असा क्रम ठरलेला होता. कपाट उघडायचा मान बाबाचा, किल्ली आणून द्यायचं काम हरिश्चंद्राचं. पाहुणे बंदुकांची तारीफ करत. कपाट कुणी घडवलं, उन्हाळ्यात तडकलेले लाकडी दस्ते कुणी सांधले, हे कुणी विचारत नसे. हरिश्चंद्राचंही त्यावाचून अडलं नव्हतं. बाबाला ठाऊक आहे ना, मग झालं, असं तो म्हणायचा. माणसाचं वाटोळं होतं ते असल्याच समजुतींनी.

लांज्याकडचा हा सुतार दारं-खिडक्यांच्या कंत्राटावर कुवेतला आला होता. कंपनी बुडाली, बरोबरचे सगळे गावी गेले. यूसुफबाबाकडे तेव्हा त्याचं कपाटाचं काम चालू होतं. एकदा बाबानं सहज म्हणून बंदूक पुढे केली, तर यानं ती दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. म्हातारा तिथेच विरघळला. त्यानं याला घरातला नोकर म्हणून इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, काढून दिला आणि दिवानियाच्या मागची खोली दिली. तेव्हापासून वीसेक वर्षं हरिश्चंद्र त्या बंदुकांचा राखणदार होता. दर शुक्रवारी नळ्या पुसायच्या, दस्त्यांना तेल द्यायचं, फुटलं तुटलं सांधायचं.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गावी त्याच्या वडिलांची शेतीसंरक्षणाची बंदूक होती, ठासणीची. रानडुकरं भातात उतरली की म्हातारा एक बार हवेत काढायचा. दसऱ्याला ती पाटावर बसायची, करवती-रंध्यांच्या शेजारी, गंध आणि झेंडू लेवून. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. त्या वेळी वडील घोड्याच्या कडीला लाल अक्षतांची छोटी पुरचुंडी बांधून मगच तिला घराबाहेर काढायचे. घरची वस्तू घराबाहेर जाताना रिकामी जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पोलीस हसायचे, पण पुरचुंडीला हात लावत नसत.

एका निवडणुकीला बंदूक अशीच ठाण्यात गेली आणि ती सोडवायच्या आत वडील गेले. हरिश्चंद्राला मातीलाही पोचता आलं नाही, कारण तेव्हा यूसुफबाबाला शिकारीला जायचं होतं. बंदूक आता वारसानं स्वतः येऊन नावावर करून घ्यायला हवी होती. वारस दर सुट्टीला म्हणायचा, पुढच्या खेपेला बघू. सुट्टी छप्पर शाकारण्यात आणि लग्नं-बारशी करण्यात संपायची.

यंदा बाबाच्या मुलानं, यूनुसनं, मस्कतला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. धंदा तिकडे वाढला होता, इकडचं घर विकलं होतं. म्हातारा अडून बसला. माझ्या बंदुका आधी जातील, मग मी. यूनुसनं दोन्ही सरकारांचे परवाने मिळवण्यात सबंध उन्हाळा घालवला, आणि त्या काळात दिवानियात एक वाक्य रोज ऐकू यायचं. बाबा हरिश्चंद्राकडे बोट दाखवून पाहुण्यांना त्याच्या त्या हिंदीत सांगायचा, "बंदूक मस्कत जाएगा, हरीश भी मस्कत जाएगा. खल्लास."

हरिश्चंद्र त्या वाक्यावर जगत होता. साठीला टेकलेल्या सुताराला आता दुसरा कोण व्हिसा देणार? आणि रत्नागिरीला तेजस्वीचं, त्याच्या धाकटीचं, नर्सिंग अजून अर्ध्यावर होतं. बाबाबरोबर गेला तर ते पुरं होणार, राहिला तर पोरगी घरी बसणार. इतका साधा हिशेब होता.

त्यात शामलाचा, बायकोचा, फोन आला. "अवो, ठाण्यातना मानूस आल्ता. बंदूक म्हैन्याच्या आत सोडवा, न्हायतर सरकारजमा व्हईल बोललान. येतांव काय?"

"सांगतो," हरिश्चंद्र म्हणाला.

त्याच आठवड्यात शर्कच्या मासळी बाजारात त्याला शत्रुघ्न भेटला. गाववाला, सुलैबियात ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, तोंडाचा फाटका. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हंजे बापाची येक बंदूक ठाण्यात सडत्येय आनी तू हितं लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस. आदी घरी जा. ह्यांच्या पेट्या हे बगतील."

"बाबानं शबूद दिलाय."

"शबूद दिलाय ना? व्हिसा दिलाय काय?"

हरिश्चंद्राला त्याचा राग आला. पण राग आला म्हणजे बोल लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्यानं बाबाकडे आठ दिवसांची रजा मागितली, आणि तीही भर बैठकीत मागायची दुर्बुद्धी त्याला झाली. म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. एका हवालदाराच्या ताब्यातली एक जुनाट बंदूक, एवढंच त्याला कळलं असावं. "पहले पेटी बनाओ," तो म्हणाला. "तेरा बंदूक किधर भागता है?" बैठक खो खो हसली. हरिश्चंद्रही हसला, आणि त्या हसण्याची त्याला पुढे फार चीड आली.

मग त्यानं पेट्या केल्या. प्रत्येक बंदुकीला तिच्या मापाची पेटी, आत तिच्याच आकाराचा कोरलेला खळगा, त्यावर हिरव्या बनातीचं मऊ लोकरी अस्तर. बाबा खुर्ची टाकून बघत बसायचा, मधेच बनातीवरून हात फिरवायचा. ते दिवस हरिश्चंद्राचे सुखाचे गेले, हेही खोटं नाही.

पेट्या बंद करायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. सकाळी त्यानं आपल्या खोलीत पटाशी, रंधा, करवत मांडून पूजा केली होती. तबकात लाल अक्षता उरल्या होत्या. बंदुकांकडे बघून त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या ह्या, परक्या मुलखात निघाल्या आहेत, आणि आपण त्यांना तशाच धाडणार? पांढऱ्या रुमालाच्या चिंध्या फाडून त्यानं पुरचुंड्या बांधल्या आणि प्रत्येक दस्त्याखाली, बनातीच्या घडीत, एकेक सरकवून दिली. कुणाला विचारलं नाही. बापानं कधी कुणाला विचारलं होतं?

बंदुका विमानानं गेल्या. त्या पोचल्याचा निरोप काही आला नाही. यूनुस तातडीनं मस्कतला गेला आणि बरेच दिवस तिकडेच अडकला. घरात कुणी हरिश्चंद्राशी बोलेना. शामलानं दोनदा फोन केला, त्यानं दोन्ही वेळा 'येतो, येतो' म्हणून ठेवून दिला. महिना उलटून गेला.

यूनुस परत आला तो थेट दिवानियात, आणि हरिश्चंद्राला हाक मारली. मोबाईलवर एक फोटो होता. हिरव्या बनातीवर लाल भुकटी लागलेले तांदळाचे दाणे.

"हे कुणी ठेवलं?"

"मी."

"बंदुकांच्या पेटीत लाल पावडर. ठाऊक आहे त्याचा अर्थ काय होतो?" यूनुस शांतपणे बोलत होता, तेच वाईट होतं. मस्कतच्या विमानतळावर तपासणीचा कुत्रा हुंगत हुंगत पेटीपाशी बसला, पुड्या प्रयोगशाळेत गेल्या, सगळी बनात फाडली गेली, आणि यूनुसला एका खोलीत बसवून तेच तेच प्रश्न विचारले गेले. तांदूळ आणि कुंकू आहे हे सिद्ध व्हायला इतके दिवस लागले.

हरिश्चंद्रानं मोडक्यातोडक्या अरबीत सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात रिकामं पाठवत नाहीत. घरातून काही जाताना. चांगलं व्हावं म्हणून.

"चांगलं झालं," यूनुस म्हणाला. "मस्कतला माझं नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं नाव मी तिथल्या कुठल्याही कागदावर घालू शकत नाही."

हरिश्चंद्र बाबाकडे वळला. अजूनही त्याला वाटत होतं की म्हातारा ते वाक्य उच्चारील. बंदूक मस्कत, हरीश मस्कत. खल्लास. बाबा हातातली जपमाळ ओढत राहिला, एकेक मणी, आणि मग त्यानं पोराला विचारलं, "दस्त्यांना ओरखडा तर नाही ना पडला?"

गरज सरो, वैद्य मरो. म्हण जुनी आहे, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला ती नवीच असते. इकामा रद्द झाला, विमानाचं तिकीट हातात आलं. निघताना दिवानियात फक्त रिकामं कपाट होतं. विकत घेणाऱ्याला ते नको होतं, म्हणून जाण्यापूर्वी तेवढं मोडून ठेव, असा निरोप होता. हरिश्चंद्रानं ते आपल्याच हातानं खिळान् खिळा काढून सोडवलं. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचाच संताप. बंगल्याच्या फाटकातून त्याची पेटी आणि तो बाहेर पडले, तेव्हा निरोप द्यायला कुणी आलं नाही.

लांज्याला उतरून तो घरी जायच्या आधी ठाण्यात गेला. हवालदार तरुण होता, बोलायला बरा होता. म्हणाला, "काका, उशीर केलात. बंदूक जिल्ह्याला गेली. आता ती मोडीत निघणार." मग त्याला काही आठवलं. त्यानं खण उघडला आणि चिमूटभर मळक्या फडक्याची पुरचुंडी टेबलावर ठेवली. "ही तेवढी सोडून ठेवली होती. टाकवेना. आमच्या घरी पण बांधतात."

हरिश्चंद्रानं ती उघडली. दाण्यांचं किड्यांनी पीठ केलं होतं. कुंकवाचा रंग तेवढा फडक्याला राहिला होता.

"इतकी वर्षं होतात कुठं तुम्ही?" हवालदारानं विचारलं.

"बंदुका सांभाळत व्हतो."

"कुणाच्या?"

हरिश्चंद्राला इतकी लाज वाटली की पुरचुंडी खिशात घालून तो बाहेर पडला.